तबकडीवर आपलं नाव कुठंय?

आपल्यातली काही पोरं मला तोंडावर विचारतात, दादा, मोर्चे, निवेदनं, कोर्टकचेऱ्या एवढं समोर पडलेलं असताना तुम्ही जुन्या बाजारात रेकॉर्डी काय चाळत बसता? हा तर बंगलेवाल्यांचा शौक. त्यांच्या दिवाणखान्यात फोनो असतो, वर पितळी कर्णा असतो, आणि तो वाजवायला नसतो, पाहुण्यांना दाखवायला असतो.

प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर नीट देतो. माझ्याकडं दोन लोखंडी पेट्या रेकॉर्डी आणि भिंतीएवढ्या कॅसेटी आहेत. त्यातल्या बऱ्याच किलोच्या भावानं घेतलेल्या. मी त्या गोळा करतो कारण आपला इतिहास लिहिणाऱ्यानं आपल्याला कागदावर जागा दिली नाही. गावच्या दप्तरात आपण वतनाच्या नोंदीत, पोलिसांच्या दप्तरात फिर्यादीत. पण गळा आपला होता, ढोलकी आपली होती. या आवाजाचा जो तुकडा लाखेवर, प्लास्टिकवर नाहीतर फितीवर उमटला, तो आपला दस्तऐवज आहे. आणि दस्तऐवज म्हटला की पहिला सवाल हाच, त्याच्यावर नाव कुणाचं?

हा सवाल घेऊनच आपण जरा मागं जाऊ.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला. गौहर जान गायला बसली. तीन मिनिटांत गाणं संपवायचं, कारण तबकडीत तेवढीच जागा. आणि गाणं संपताना ती इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगायची. ही नुसती ऐट नव्हती. रेकॉर्डीचे साचे जर्मनीत हानोवरला जायचे, तिथल्या कामगाराला ही बाई कोण हे कळावं, लेबल बरोबर चिकटावं, म्हणून नाव ओरडून सांगायचं. ज्या बायांना भल्या घरात पायरीशी उभं करत नव्हते, त्या बाईनं आपलं नाव स्वतःच्या तोंडानं तबकडीत कोरून ठेवलं. तिला कुणाच्या प्रस्तावनेची गरज लागली नाही.

आणि तबकडी तरी कशाची? लाखेची. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याचा चिकट रस. छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासी ती खरवडून गोळा करायचा. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालून साच्यात दाबली की झाली रेकॉर्ड. म्हणजे घराण्याच्या गवयाचा खयाल असो की बालगंधर्वाचं पद, खाली आदिवासीच्या बोटांचा घाम. संगीताच्या इतिहासाच्या जाड पुस्तकात घराणी सापडतील, तानांची भांडणं सापडतील, लाख खरवडणारा शोधून दाखवा.

हे तिकडं चाललेलं असताना आपला माणूस काय गात होता?

१८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. पुढं त्याच्यातून सत्यशोधक जलसा उभा राहिला. गण, गौळण, बतावणी, वग हा सांगाडा तमाशाचाच ठेवला, आतला माल बदलला. लावणीच्या जागी भटशाहीची उलटतपासणी आली. आंबेडकरी जलसा ही त्याच्या पुढची पायरी. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि त्या धगीत भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती जलसा घेऊन गावोगाव फिरू लागले. पोरं शाळेत घाला, मेलेलं ओढू नका, मेलेलं खाऊ नका, गावकीची कामं सोडा, हे भाषणात सांगितलं तर म्हातारी जांभई देते. तेच वगात सोंगाड्यानं सांगितलं की ती पदर तोंडाला लावून हसते आणि सकाळी सुनेला सांगते. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या तोडीचा आहे, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं आपल्याकडं सांगतात ते उगीच नाही. १९७८ साली कर्डकांनी स्वतः आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं. ज्यानं सोंग केलं त्यानंच इतिहास लिहिला, म्हणून आज आपण एवढं तरी बोलू शकतो.

माझ्या पेट्यांत १९३०च्या जलशाची एकही तबकडी नाही. कारण उघड आहे. जलसा रात्रभर चालायचा, तबकडीत तीन मिनिटं. जलशाचा प्राण सवालजवाबात, प्रेक्षकाच्या हुंकारात, ऐन वेळी घातलेल्या कोपरखळीत. तो साहेबाच्या खोलीत भोंग्यापुढं कसा उतरायचा? आणि दुसरं कारण बाजाराचं. रेकॉर्ड कुणासाठी निघते? ज्याच्या घरी यंत्र आहे त्याच्यासाठी. आपल्या वस्तीत चावीचा फोनो कुणाकडं होता? ज्याच्या घरी यंत्र, त्याचीच आवड बाजारात चालते, आणि पुढं तीच आवड 'अभिरुची' म्हणून शाळेत शिकवतात. नाट्यसंगीताच्या ढीगभर तबकड्या निघाल्या आणि जलशाच्या निघाल्या नाहीत, यात संगीताच्या प्रतीचा प्रश्न नव्हता, पैशाचा आणि जातीचा होता.

इथं एक अवघड गाठ आहे, ती सोडून पुढं जाणार नाही. महाडच्या लढ्याच्या वेळी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून मदत देऊ केली. बाबासाहेबांनी ती घेतली नाही. बापूराव जातीनं कुलकर्णी, आणि त्यांच्या फडाचं नाव गाजलं ते पवळाबाईवर, जी आपल्या समाजातली. आपली बाई बोर्डावर उभी करून जमवलेल्या पैशानं आपल्या स्वाभिमानाची लढाई लढायची नाही, असा तो नकार होता. तो बरोबरच होता. पण त्या नकाराची सावली आपल्याकडं फार लांब पडली. जलशात बाईची सोंगंसुद्धा बाप्यांनीच घेतली. बोर्डावरची बाई नको म्हणता म्हणता बाईचा गळाही नको झाला. पवळा कुठली, कशी गायची, हे आपल्या पोरींना सांगायला आपण लाजलो. बापूरावांचं नाव वाङ्मयाच्या इतिहासात शाहीर म्हणून गेलं आणि पवळा गेली फक्त त्यांची जोडीदारीण म्हणून. बाबासाहेबांनी पैसा नाकारला होता, बाई नाकारली नव्हती. हा फरक आपण करायला पाहिजे होता.

तुलनेला गोव्याच्या केरीची केसरबाई केरकर बघा. कलावंत समाजातली बाई, ज्यांना देवळाच्या नावानं बांधून ठेवलं होतं त्या घरातली. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं आकाशात सोडली, त्यात सोनेरी तबकडी ठेवली, जगभरातलं निवडक संगीत घातलं. हिंदुस्थानातलं एकच गाणं निवडलं, ते केसरबाईंचं. ताऱ्यांकडं जी गेली ती देवळाच्या पायरीवरची बाई. अभिरुचीचे ठेकेदार या गोष्टीवर अभिमानानं बोलतात, पण तिची जात मध्येच गिळतात.

आता आपल्या नावाची गोष्ट.

आपल्या शाहिरानं नाव राखायची एक जुनी युक्ती जपली. तिला नाममुद्रा म्हणा, छाप म्हणा. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. संतांनी हे केलं, लावणीवाल्यांनी केलं, भीमशाहिरांनी केलं. छापखाना नाही, कायदा नाही, वकील नाही. मग नाव गाण्यातच शिवून टाकायचं. गाणं चोरलं तरी चोराला मालकाचं नाव गावं लागतं. यापेक्षा स्वस्त आणि पक्का कॉपीराइट जगात कुणी काढलेला नाही.

वामनदादा कर्डकांच्या शेवटच्या कडव्यात म्हणूनच 'वामन' येतो. हा माणूस १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मला, मुंबईत शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिला, आणि अक्षरं शिकला ती मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. ज्याला तरुणपणी पत्र वाचता येत नव्हतं त्यानं हजारोंनी गाणी लिहिली. १९७३ साली 'वाटचाल' हा संग्रह आला. १५ मे २००४ ला दादा गेले. दादांची गाणी पसरली ती आधी तोंडातोंडी, मग जयंतीच्या मांडवातून, मग चार-आठ पानांच्या चोपड्यांतून. ती चोपडी दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर फूटपाथवर मिळायची. बाई चोपडी विकत घ्यायची, वाचता येत नसलं तरी. घरी पोरगं वाचून दाखवायचं. आपल्याकडं कित्येक पोरांचं पहिलं मोठ्यानं वाचन हे असं झालेलं आहे, शाळेच्या पुस्तकातून नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर गाण्याला नवं काम लागलं. जुने देव घरातून निघाले, भिंतीवरची जागा रिकामी झाली, तशी गळ्यातलीही झाली. बारसं, लग्न, जलदान, सगळ्याला नवी गाणी पाहिजेत. गायन पार्ट्या निघाल्या. पेटी, ढोलकी, कोरसवाले, टाळ्या. कव्वालीचा बाज आपल्या लोकांनी उचलला आणि दोन पार्ट्यांचा मुकाबला रात्रभर चालू लागला. मुसलमानाच्या दर्ग्यातला बाज बौद्धाच्या मांडवात आला, कुणाचा धर्म बाटला नाही. विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, प्रल्हाद शिंदे, ही नावं पोस्टरवर मोठ्या अक्षरात यायची.

रेडिओ मात्र सोवळ्यात बसला होता. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणे पेटीत श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही. बरं, नसेल निघत. पण ज्याचं सगळं गाणंच पेटीवर उभं आहे, त्यानं काय करायचं? तीस वर्षं शास्त्र सांगत राहिले. बंदी वाद्यावर होती, आणि दार बंद झालं पेटीवर पोट असलेल्या माणसाचं.

आणि संगीत ही चैन म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. दुखणं, राज्यघटना, राजीनामा, बुद्धाचं पुस्तक, हे सगळं अंगावर असताना. पुण्यात सिंबायोसिसच्या आंबेडकर स्मारकात ते व्हायोलिन ठेवलंय, जाऊन बघा. बाबासाहेबांचा आवाजही जपून ठेवावा असा आहे. १९५५ साली बीबीसीनं घेतलेली त्यांची मुलाखत आज कुणालाही ऐकता येते. ती इंग्रजीत आहे. पण पोरांनो, शब्द कळले नाहीत तरी एकदा नुसता आवाज ऐका. कुठंही विनवणी नाही.

आता आवडीनिवडीचं भांडण. हे आपल्यात दर जयंतीला होतं.

प्रल्हाद शिंद्यांच्या रेकॉर्डी माझ्याकडं बऱ्याच आहेत, त्यात भीमगीतं आहेत तशी विठ्ठलाची गाणीही आहेत. आमच्यातले कडवे म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात विठ्ठलाची रेकॉर्ड ठेवताच कशी? मी म्हणतो, पुजायला नाही ठेवली, पुरावा म्हणून ठेवली. आषाढीला महाराष्ट्रातली उभी सवर्ण गल्ली सकाळी ज्या गळ्यानं जागी होते, तो गळा आपल्या वस्तीतला आहे. कंपनीला विठ्ठल विकायचा होता आणि विकण्याजोगा गळा आपल्यात सापडला. गायकाला पोट होतं. ज्या देवळाच्या गाभाऱ्यात दलिताला शिरू द्यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं, त्या देवाची गाणी दलिताच्या गळ्यातून घराघरांत गेली. हे तुम्ही फेकून द्यायचं म्हणता? उलट ही रेकॉर्ड भीमगीताच्या शेजारी ठेवा आणि दोन्ही एका बैठकीत ऐका. एकाच माणसाचा आवाज बाजारात कसा उभा राहतो आणि आपल्या माणसांत कसा मोकळा होतो, ते कान असेल तर कळतं. २३ जून २००४ ला प्रल्हाददादा गेले. वामनदादा आणि प्रल्हाददादा, एकाच उन्हाळ्यात, सव्वा महिन्याच्या अंतरानं.

मग कॅसेट आली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आखातात गेलेले कामगार टेपरेकॉर्डर घेऊन परत यायला लागले, आणि पुढच्या दशकात एका कंपनीची वर्षानुवर्षांची मक्तेदारी ढासळली. रेकॉर्ड काढायला कारखाना लागतो, कॅसेटीला एक खोली आणि दोन यंत्रं पुरतात. टी-सीरीज, व्हीनस यांच्यासारख्या नव्या कंपन्यांनी स्वस्त माल बाजारात ओतला. पहिल्यांदा आपला माणूस गिऱ्हाईक झाला. रिक्षात, चहाच्या टपरीवर, वस्तीच्या नळावर भीमगीत वाजू लागलं. आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्यानं तर गल्ली न् गल्ली धरली. पांढरपेशांनी नाकं मुरडली, उथळ म्हणाले, कर्कश म्हणाले. ज्यांना आपली शांतता कधी खुपली नाही त्यांना आपला आवाज मात्र खुपला!

पण कॅसेटीनं एक हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं नेलं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत जास्त गाणी बसवायची तर कडवी कापा. कापायचं कुठलं? शेवटचं. आणि शेवटच्या कडव्यात काय होतं? नाव! माझ्याकडच्या एका कॅसेटीवर गायकाचा फोटो आहे, कंपनीचा छाप आहे, संगीतकाराचं नाव आहे, आणि गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असं छापलंय. गाणं मी लहानपणापासून ऐकलेलं, पुरं कडव्यासकट. कवी कोण ते मला ठाऊक. पण ज्या पोराच्या हाती नुसती ही कॅसेट पडेल त्याच्या लेखी ते गाणं बिनबापाचं. आपल्या बापांना दप्तरात आडनाव नव्हतं, आता गाण्यालाही राहिलं नाही. कोरसमधल्या बायांचं तर बोलूच नका. ओळ त्यांनी उचलली म्हणून गाणं उभं राहिलं, कव्हरवर त्या 'आणि साथीदार'.

कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. १९८४ साली त्यात कलम घातलं, की ध्वनिमुद्रणावर काय काय छापायचं. रेकॉर्ड काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता, साल. वाचा परत. मालकाचं नाव सक्तीचं, कवीचं नाव त्या यादीत नाही. ५७ वं कलम मात्र सांगतं, की हक्क विकला तरी ही कृती माझी आहे, असं म्हणायचा कर्त्याचा अधिकार जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून काढून घ्यायला मनाई केली. चांगलं झालं. पण ज्यांनी चहापाण्यावर आणि एका रात्रीच्या बिदागीवर गाणी दिली ते तोवर मातीआड गेले होते. कवीच्या मरणानंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर तो २०६४ सालच्या अखेरपर्यंत आहे. तो दाखवायचा तर पुरावा लागतो. पुरावा म्हणजे जुनी चोपडी, जुनी रेकॉर्ड, आणि पुरं शेवटचं कडवं.

सगळ्यांचाच आवाज असा राहत नाही. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसं रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. घोगरे गरिबाच्या घरात राहून गरिबाचं गाणं गाणारा माणूस. त्यांचा आवाज आज ऐकू येतो तो आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये घेतला म्हणून, आणि २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये परत आणला म्हणून. कॅमेरा तिथं नसता तर? दर वस्तीत एक घोगरे होता, आणि दर वस्तीत कॅमेरा नव्हता.

आज सगळ्यांच्या खिशात यंत्र आहे. एकतारीवर गाणारी कडूबाई खरात कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता लाखो माणसांपर्यंत गेली. हे जलशाला १९३० साली मिळालं असतं तर! पण यूट्यूबवरही तीच गोम आहे. गाणं कुणीही चढवतो, खाली स्वतःच्या चॅनेलचं नाव लावतो, कवी गायब. मालक बदलले, सवय तीच.

म्हणून कार्यकर्त्यांनो, छंद म्हणून नाही, काम म्हणून सांगतो.

आपापल्या वस्तीत जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी, चोपड्या कुणाकडं आहेत त्याची यादी करा. माळ्यावर असतील, ट्रंकेत असतील. घराची सफाई झाली की पहिला बळी त्यांचाच जातो. लेबलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, नंबर उतरवून घ्या. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, गाणंच पुसलं जाईल. मऊ कोरडं फडकं घ्या. तिच्यावर एल.पी.ची बारीक सुई लावू नका, तिची सुई जाड असते. कॅसेटीला बुरशी आली असेल तर वाजवायची घाई करू नका, फीत अडकून तुटते. जाणत्याकडून साफ करून एकदाच वाजवा आणि त्याच वेळी उतरवून घ्या.

आणि ज्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांना गाणी पाठ आहेत त्यांच्यापाशी बसा. पहिलं कडवं सगळ्यांना येतं. तुम्ही शेवटचं विचारा. कोरसमध्ये कोण होतं ते विचारा, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, बायांपैकी कोण. सगळी नावं लिहा, पुरी लिहा, गावासकट लिहा. जयंतीला भोंग्यावर गाणं लावण्याआधी माइकवरून कवीचं नाव सांगा. गौहर जाननं एकशेवीस वर्षांपूर्वी आपलं नाव ओरडून सांगितलं. आपल्या माणसांचं नाव ओरडायला आपल्याला माइक आहे, गळा आहे. मग अडतंय कुठं?